पडद्यावरचा आकडा खरा आहे का? बायोमेडिकल इंजिनिअरच्या कामाबद्दल

प्रश्न असा आहे: "मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मूळ गाव लातूर जिल्ह्यातलं. हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनिअर दिवसभर नेमकं काय करतो? त्यासाठी कोणती कौशल्यं लागतात? घरचे म्हणतात, कोडिंग शिक आणि आयटीत जा."

मी दोन दशकांहून जास्त काळ हेच काम करते आहे. आधी ट्रस्टच्या एका रुग्णालयात होते, आता एका मोठ्या खाजगी रुग्णालयाचा बायोमेडिकल विभाग सांभाळते. उत्तर थोडं लांबेल, पण प्रश्न तुमच्या पुढच्या आयुष्याचा आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मशीन बंद पडलं की हा माणूस येतो, स्क्रू काढतो, पार्ट बदलतो आणि जातो. तेही करावं लागतं, पण तो कामाचा लहान भाग. रुग्णाच्या शरीरात काहीतरी घडत असतं, आणि मॉनिटरच्या पडद्यावर एक आकडा दिसत असतो. डॉक्टर निर्णय घेतात तो त्या आकड्यावरून. या दोन टोकांच्या मधे सेन्सर, केबल, कफ, ट्यूब, सॉफ्टवेअर, वीज, ऑक्सिजनची पाइपलाइन आणि हे सगळं हाताळणारी माणसं असतात. आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, याचं उत्तर देणं हे आपलं काम. बाकीची सगळी कौशल्यं त्यासाठी लागतात.

उदाहरण घेऊ. आयसीयूत सिरिंज पंपावर नॉरॲड्रेनलिन चालू असतं, ताशी दोन मिली, कधी त्याहूनही कमी. रुग्णाचा रक्तदाब तेवढ्यावर टिकून असतो. पंपाच्या पडद्यावर २.० दिसतं आणि सगळे ते खरं मानतात. पण पंप द्रव मोजतच नाही. तो सिरिंजचा दट्ट्या ठरावीक अंतर पुढे ढकलतो, आणि सिरिंजचा आतला व्यास गृहीत धरून त्या अंतराचे मिलीलीटर करतो. हा व्यास त्याला कळतो मेन्यूत निवडलेल्या कंपनीच्या नावावरून. स्टोअरने या महिन्यात दुसऱ्या कंपनीच्या सिरिंज मागवल्या आणि मेन्यूत जुनंच नाव राहिलं, तर पडद्यावर २.० असेल आणि रुग्णाला मात्र वेगळाच डोस जात असेल. पंपात काहीही बिघडलेलं नाही, अलार्मही वाजणार नाही. फक्त सर्किट तपासणारा इंजिनिअर सर्व्हिस रिपोर्टवर 'नो फॉल्ट फाउंड' लिहून परत जाईल, आणि त्याचं लिहिणं चूकही म्हणता येणार नाही. इथे पंप कसा मोजतो, ते औषध काय करतं, स्टोअर काय मागवतं आणि नाइट ड्यूटीची सिस्टर सिरिंज कशी बदलते, या चारही गोष्टी ज्याला माहीत आहेत त्यालाच दोष सापडतो.

रक्तदाबाचंही तसंच. आर्टेरियल लाइनचा (धमनीत घातलेल्या नळीचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, हृदयाच्या पातळीला लावून शून्य करायचा असतो. पलंग वर केला आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर तसाच राहून हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली गेला, तर दाब साधारण साडेसात मिलिमीटर पाऱ्याने जास्त दिसतो. रुग्णाचा दाब खरं तर पडलेला असतो आणि पडद्यावर तो बरा वाटतो. कफने मोजायचा दाब आणखी फसवा. ते यंत्र कफमधल्या हवेची कंपनं बघतं, त्यावरून सरासरी दाब ओळखतं आणि वरचा-खालचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या गणिताने काढतं. दंडाच्या मानाने कफ लहान असला की आकडा जास्त येतो. 'मॉनिटर जास्त बीपी दाखवतोय' अशा तक्रारीत मी आधी कफचं माप बघते, मग मॉनिटरला हात लावते.

पल्स ऑक्सिमीटर तर आता घरोघरी आहे. लाल प्रकाश ६६० नॅनोमीटरचा आणि अवरक्त साधारण ९४० चा. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि त्यातला नाडीबरोबर बदलणारा भाग वेगळा काढायचा, ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडली. ती समजली की त्याच्या मर्यादाही समजतात. हात गार पडलेला असेल, रक्तप्रवाह कमी असेल, नखाला गडद नेलपॉलिश असेल तर आकडा डळमळतो. बंद खोलीत शेगडीच्या धुराने कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या माणसाचा आकडा चांगला दिसतो आणि माणूस गंभीर असतो, कारण यंत्राला ते हिमोग्लोबिन ऑक्सिजनवालंच वाटतं. आणि ७० टक्क्यांच्या खालचे आकडे हा बराचसा अंदाज असतो, कारण कॅलिब्रेशनसाठी निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन त्याच्या खाली नेत नाहीत. मुलाखतीत मी उमेदवारांना एक प्रश्न नेहमी विचारते: कॉल आला आहे, पडद्यावर ८२ दिसतंय, तुम्ही काय कराल? केबल बदलेन, प्रोब बदलेन, मॉनिटर बदलेन अशी उत्तरं येतात. रुग्ण कसा दिसतोय हे सिस्टरला विचारेन, वेव्हफॉर्म बघेन आणि मॉनिटरचे ठोके हाताने मोजलेल्या नाडीशी जुळतात का ते पडताळेन, असं म्हणणारा उमेदवार मला हवा असतो.

म्हणून पहिलं कौशल्य शरीरक्रियाशास्त्र. कॉलेजात तो विषय पास होण्यापुरता वाचतात. तुम्ही तसं करू नका. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि नवजात बाळाचं तापमान नियंत्रण, एवढं तरी नीट यायला हवं. डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलता आली की ते तुमचं ऐकतात. नाहीतर तुम्ही त्यांच्या लेखी 'मशीनवाला' राहता.

दुसरं कौशल्य विचारपूस करण्याचं. सकाळी राउंड असतो: ओटी, आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), डायलिसिस, सीएसएसडी (निर्जंतुकीकरण विभाग). राउंड संपायच्या आत फोन येऊ लागतात. 'व्हेंटिलेटर चालत नाही' या वाक्याचे किती अर्थ असू शकतात! टेस्ट पास होत नाही, अलार्म थांबत नाही, ऑक्सिजनचा आकडा जुळत नाही, की नुसती बॅटरी उतरली आहे? व्हेंटिलेटरमधला ऑक्सिजन मोजणारा सेल तर यंत्र बंद असलं तरी हवेतल्या ऑक्सिजननेच झिजत असतो, म्हणून कपाटात नवा म्हणून ठेवलेलाही संपलेला निघू शकतो. अशा वेळी सिस्टरला आरोपीसारखं विचारलं, 'तुम्ही काय केलंत?' तर उत्तर मिळतं, 'काही नाही, आपोआप झालं.' तेच 'शेवटचं नीट कधी चाललं होतं, त्यानंतर काय बदललं?' असं विचारलं की अर्धं निदान तिथेच होतं. वॉर्डातल्या मामा-मावशींनाही विचारा. यंत्र कुणी कुठे हलवलं, कोणत्या द्रावणाने पुसलं, पडलं होतं का, हे त्यांना माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. महागड्या अल्ट्रासाउंड प्रोबची लेन्स चुकीच्या जंतुनाशकाने खराब होते. ती माहिती लॉगबुकात नसते, मावशींकडे असते.

आता इलेक्ट्रॉनिक्स. बोर्डवरचे सुटे भाग बदलण्याचं काम कमी होत चाललं आहे, कंपन्या अख्खा बोर्ड बदलतात. तरी पॉवर सप्लाय, बॅटरी, कनेक्टर, सेन्सर आणि मोटर यांचं पक्कं ज्ञान रोज लागतं. त्याहून जास्त लागतं ते इमारतीच्या विजेचं. अर्थिंग नीट नसेल तर ईसीजीत ५० हर्ट्झची लहर दिसते, आणि तो तुलनेने सौम्य परिणाम. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या, म्हणजे सीएफ प्रकारच्या भागांतून रुग्णाकडे जाणारा गळतीचा प्रवाह सामान्य स्थितीत १० मायक्रोॲम्पिअरच्या आत हवा, असं आयईसी ६०६०१ हे मानक सांगतं. घरातला गळती ओळखून वीज तोडणारा स्विच ३० मिलिॲम्पिअरला पडतो; म्हणजे आपली मर्यादा त्याच्या तीन हजाराव्या भागाएवढी आहे. हे मल्टीमीटरने होत नाही, सेफ्टी ॲनलायझर लागतो. नोकरी घेताना तिथे तो आहे का हे जरूर विचारा. नसेल, तर त्या विभागाला कामापेक्षा स्टिकरची काळजी जास्त आहे असं समजा.

हवामानही आपलाच विषय. कोकणातल्या पावसाळ्यात ऑपरेटिंग मायक्रोस्कोप आणि एंडोस्कोपच्या काचांवर बुरशी धरते, त्यामुळे सिलिका जेल आणि कोरडी कपाटं यांचा हिशोब ठेवावा लागतो. विदर्भात मे महिन्यात यूपीएसच्या खोलीतला एसी बंद पडला की बॅटऱ्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. ग्रामीण भागात व्होल्टेज खालीवर होतं आणि एक्स-रे मशीनला तर क्षणभरासाठी प्रचंड प्रवाह हवा असतो. उंदीर केबल कुरतडतात, हेही कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

ही बाजू किती गंभीर आहे ते २०२१ साली महाराष्ट्राने दोनदा पाहिलं. ९ जानेवारीला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. २१ एप्रिलला नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पाइपलाइनचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर मी एनआयसीयूत गेले की सॉकेटला हात लावून तो गरम आहे का ते बघितल्याशिवाय पुढे जात नाही. ऑक्सिजन, वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र), फोटोथेरपी (काविळीसाठीचे दिवे) आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डला लावलेल्या चार पिना एका खोलीत असतील तर ते आपण थांबवायला हवं. 'तो इलेक्ट्रिकल विभागाचा प्रश्न' असं म्हणून हात झटकणाऱ्या इंजिनिअरला मी विभागात ठेवत नाही. व्हेंटिलेटरला साधारण ४ बारचा गॅस मिळतो की नाही, मॅनिफोल्डवर (सिलिंडर पाइपलाइनला जोडतात तिथे) राखीव सिलिंडर भरलेले आहेत की नाही, हे आपल्या साखळीतलंच आहे.

देखभालीबद्दल बोलताना मी थोडी कडक होते. पीएम, म्हणजे ठरावीक मुदतीने करायची प्रतिबंधक देखभाल, म्हणजे फडक्याने पुसून 'पुढची तारीख' असं स्टिकर चिकटवणं नव्हे. हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर घ्या. तो महिनोन्‌महिने क्रॅश कार्टवर (तातडीच्या उपचारांच्या ट्रॉलीवर) नुसता उभा असतो आणि एका क्षणी त्याने चाललंच पाहिजे. त्याला ॲनलायझरच्या ५० ओहमच्या भारावर डिस्चार्ज करायचं, २०० जूल निवडल्यावर प्रत्यक्षात किती बाहेर आले ते मोजायचं, चार्ज व्हायला किती सेकंद लागले ते लिहायचं, आणि मुख्य पिन काढून हे सगळं बॅटरीवर पुन्हा करायचं. बॅटरीची ही चाचणी सगळ्यात जास्त टाळली जाते. पंपाची चाचणी तासभर चालते, म्हणून तीही लोक दहा मिनिटांत उरकतात. तुम्ही उरकू नका. मोजलेले आकडे लिहा, 'ओके' लिहू नका. मागच्या तीन वेळचे आकडे शेजारी ठेवले की यंत्र हळूहळू कुठे सरकतंय ते बिघाड होण्याआधीच दिसतं.

डायलिसिसचा मुद्दा वेगळा सांगते, कारण तिथे सगळ्यात धोकादायक गोष्ट यंत्राच्या बाहेर असते. मिनिटाला ५०० मिली डायलिसेट (रक्त शुद्ध करणारं द्रावण), चार तासांचं सेशन, म्हणजे एका रुग्णाच्या रक्ताशी पातळ पडद्यापलीकडून १२० लिटर पाण्याचा संबंध येतो. नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरामाइन (क्लोरीनचं संयुग) कार्बन टाकीने अडवलं नाही तर लाल पेशी फुटतात. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं, पाणीपुरवठ्याने क्लोरीन वाढवलं, की कालपर्यंत पुरणारी टाकी आज पुरत नाही. म्हणून शिफ्ट सुरू होण्याआधी एकूण क्लोरीन तपासायचं, ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको. लातूरचे आहात, पाण्याचं मोल तुम्हाला सांगायला नको. आता त्याच्या दर्जाकडेही बघायला शिका.

कागदपत्रं कंटाळवाणी वाटतात, पण टाळता येत नाहीत. एक्स-रे आणि सीटीला एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, परवानगी आणि ठरावीक मुदतीने गुणवत्ता चाचणी. सोनोग्राफी मशीन पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या, कायद्याखाली नोंदलेलं असतं. समुचित प्राधिकाऱ्याला न कळवता ते हलवणं, विकणं किंवा डेमोसाठी आणणं महागात पडतं. महाराष्ट्रात हा कायदा फार गांभीर्याने घेतला जातो आणि गर्भलिंगनिदानाचा इथला इतिहास बघता घ्यायलाच हवा. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, त्यात धोक्यानुसार अ ते ड असे चार वर्ग आहेत. उपकरणामुळे रुग्णाला इजा झाली किंवा होता होता टळली तर ते कळवण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. आपल्याकडे असं कळवणं म्हणजे रुग्णालयाची बदनामी असा समज आहे. हा समज तुमच्या पिढीने मोडायला हवा, कारण एका ठिकाणचा अहवाल दुसऱ्या ठिकाणचा रुग्ण वाचवतो.

खरेदीच्या बैठकीत बसायला मिळालं तर सोडू नका. तिथे एका सहीने पुढच्या दहा वर्षांचा त्रास ठरतो. मशीनची किंमत सगळे बघतात. वॉरंटीनंतरच्या सीएमसीचा (सुट्या भागांसह देखभालीच्या कराराचा) दर, त्याच कंपनीचे महागडे कन्झ्युमेबल्स, स्पेअर किती दिवसांत मिळतो, सर्व्हिस इंजिनिअर तुमच्या जिल्ह्यात आहे की फक्त मुंबईत, हे विचारणारा एकच माणूस असतो आणि तो आपण. दान म्हणून आलेली यंत्रं स्पेअरअभावी कोपऱ्यात धूळ खातात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशभरातल्या सरकारी रुग्णालयांतल्या उपकरणांची मोजदाद केली तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद आढळली. त्यातून २०१५ साली देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि जिल्हा रुग्णालयात ९५, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ यंत्रं चालू असावीत असं उद्दिष्ट ठरलं. त्या कामाला जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणारे इंजिनिअर लागतात. पगार सुरुवातीला बेताचा असतो, प्रवास भरपूर, पण दोन वर्षांत जेवढी यंत्रं हाताखालून जातात तेवढी शहरातल्या चकचकीत रुग्णालयात पाच वर्षांत जात नाहीत.

स्वतःच्या सुरक्षिततेचं थोडक्यात. डिफिब्रिलेटर उघडला तर कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची खात्री झाल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. वॉर्डातून आलेलं यंत्र निर्जंतुक झाल्याशिवाय टेबलावर घ्यायचं नाही. एमआरआयचं चुंबक रात्री, सुट्टीच्या दिवशी, वीज गेल्यावरही चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक जिवानिशी गेला. दारावरचा माणूस नवा असेल तर त्याला शिकवणं हेही आपलंच काम.

आता घरच्यांचा मुद्दा. कोडिंग शिकच, असं मीही म्हणेन, पण ते आयटीत जाण्यासाठीच असतं असं नाही. आजचा व्हेंटिलेटर, मॉनिटर, रेडिओथेरपीचं यंत्र ही सगळी सॉफ्टवेअरवर चालतात. थेरॅक-२५ या रेडिओथेरपी यंत्राची हकिकत मुळातून वाचा. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याने प्रचंड जास्त मात्रा दिली, काही मरण पावले. आधीच्या मॉडेलमध्ये धोका अडवणारी यांत्रिक कुलपं होती. यात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. ऑपरेटरने पटापट दुरुस्ती केली की प्रोग्राममधले दोन भाग एकमेकांच्या आड येत. ऑपरेटरला दिसायचा फक्त त्रुटीचा एक क्रमांक, आणि सवयीने तो पुढे जाण्याचं बटण दाबायचा. असा दोष ओळखायला कोड वाचता यायला हवा आणि किरणांनी पेशीचं काय होतं हेही कळायला हवं. ही दोन्ही अंगं असलेली माणसं फार थोडी आहेत. पायथन, थोडं एम्बेडेड सी, नेटवर्किंगची ओळख आणि डायकॉम व एचएल७ (वैद्यकीय प्रतिमा आणि माहिती एका यंत्रणेतून दुसरीत पाठवण्याची मानकं) म्हणजे काय एवढं आलं, तरी रुग्णालयात तुमची किंमत वाढते. आयटीच्या मानाने सुरुवातीचा पगार कमी असेल, हे घरी स्पष्ट सांगा. ते लपवून या क्षेत्रात आलेली मुलं वर्षभरात खचून निघून जातात.

रुग्णालय नको वाटलं तर कंपन्यांत सर्व्हिस, ॲप्लिकेशन, नियामक परवानग्यांचं काम आहे. संशोधनाची ओढ असेल तर आयआयटी मुंबईतलं बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र बघून या. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली कृत्रिम हृदयझडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णात बसली. त्याआधीच्या रचना एकामागून एक बाद झाल्या होत्या. असं काम करायचं तर वर्षानुवर्षं चिकाटी लागते, आणि ती आपल्याकडे आहे का हे स्वतःला विचारून मगच त्या वाटेने जा.

येत्या सुट्टीत एक करा. कॉलेजचं पत्र घ्या आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने अर्ज करून जिल्हा रुग्णालयात महिनाभर जाण्याची परवानगी मागा. पहिला आठवडा यंत्र उघडू नका. सिस्टर ते कसं वापरतात तेवढंच बघा आणि वहीत लिहा. मग एका यंत्राची सर्व्हिस मॅन्युअल मिळवून ब्लॉक डायग्रामपासून अलार्मच्या यादीपर्यंत पूर्ण वाचा. एक नीट वाचली की पुढच्या सोप्या जातात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही तिथूनच उचला. उदाहरणार्थ, वॉर्मरवरच्या बाळाचा स्किन प्रोब सुटला तर यंत्राला बाळ गार पडलंय असं वाटतं, ते उष्णता वाढवत राहतं आणि बाळ तापतं. प्रोब सुटल्याचं स्वस्तात आणि खात्रीने कसं ओळखायचं, हा विषय तुमच्या आवाक्यातला आहे आणि खूप उपयोगाचा. विषय ठरला की सर्किटबरोबर चाचणीची पद्धतही लिहून काढा आणि इथे टाका. मी दोन्ही बघेन, पण आधी चाचणीची पद्धत वाचेन.